बोरघाट उतरण्याआधी

आम्ही ओवे गावचे. कळंबोलीचा लोखंड बाजार जवळच, म्हणून मी ट्रेलरवर बसलो. कॉईल घेऊन चाकणला जायचं, परतीचा माल जेएनपीटीला आणायचा.

ट्रेलर ओढणाऱ्या गाडीला आम्ही घोडा म्हणतो. "घोड्यात दम आहे, टाका अजून दोन टन," असं भरणारे सर्रास म्हणतात. दम चढाला लागतो. चढावर गाडी कमी पडली तर फार तर क्लच जळतो. उतारावर कमी पडली तर पुढच्यांचे जीव जातात. 26 जुलै 2025 ला खोपोलीजवळ ब्रेक निकामी झालेला कंटेनर ट्रेलर वीसेक गाड्यांवर आदळला आणि एक बाई गेली.

एकदा चाकणच्या पार्टीने पावतीवर 28 टन लिहून दिले. खंडाळा सोडल्यावर ब्रेक लाइनरचा जळका वास आला. आरशात पाहिलं तर मागच्या डाव्या चाकातून निळसर धूर निघत होता. पेडल दाबावं तसा एअरचा काटा खाली सरकत होता, पण गाडी धरत नव्हती. खालच्या गियरमध्ये होतो, म्हणूनच ती कडेला घेता आली. क्लीनरने चाकांना दगड लावले. तो पाण्याचा कॅन घेऊन धावला, त्याला अडवलं, कारण तापलेल्या ब्रेक ड्रमवर पाणी पडलं की तो तडकतो. खाली येऊन वजनकाटा केला, तर माल 33 टन भरला!

खंडाळा ते खोपोली उतार सुमारे 500 मीटरचा. 45 टनांची गाडी तेवढी खाली आणताना सहा लिटर डिझेल जाळल्याइतकी उष्णता तयार होते. ती सगळी ड्रमांवर आली तर ड्रम फुगतात, लाइनर पकड सोडतो. म्हणून जो गियर चढाला लागेल तोच उताराला घाला, एक्झॉस्ट ब्रेक चालू ठेवा, आणि हे दोन्ही घाटाच्या तोंडावरच करा. वेग धरल्यावर खालचा गियर पडत नाही. डिझेल वाचवायला न्यूट्रल करणाऱ्याच्या शेजारी मी बसणार नाही.

2018 पासून जोडआसाला 19 ऐवजी 21 टनांची मुभा आहे. पण ती कायद्याची कमाल मर्यादा. लाइनर झिजलेले असतील, पाऊस असेल, तर घाटासाठी पासिंगपेक्षा दोन-तीन टन कमीच भरा. ओव्हरलोडला 20 हजार रुपये दंड, वर प्रत्येक जादा टनाला 2 हजार, आणि जादा माल तिथेच उतरवावा लागतो.

ड्रायव्हर भावांनो, पार्टीच्या पावतीवर जाऊ नका. भरलेली गाडी आधी काट्यावर न्या, मगच घाटाकडे वळवा.