भिवंडीच्या रस्त्यावर बायका का दिसत नाहीत?

प्रश्न : माझी मुलगी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे. तिने समाजशास्त्र घेतलंय. मागे आमच्याकडे पुण्याचे पाहुणे आले होते. धामणकर नाक्यावरून घरी येताना त्यांच्यातली एक बाई म्हणाली, "तुमच्याकडे रस्त्यावर बाईमाणूस दिसतच नाही हो. इथले लोक बायकांना घराबाहेर पडू देत नसणार." आम्ही गप्प बसलो. मुलगी मात्र म्हणाली, "मावशी, आधी मोजून बघू या." तेव्हापासून ती वही घेऊन फिरते. चहाच्या टपरीवर कोण बसतं, बसला कोण उभं असतं, घरात सगळ्यांत शेवटी कोण जेवतं, सगळं लिहून ठेवते. तिच्या वडिलांना हे आवडत नाही. मला विचारायचंय ते असं : जे डोळ्यांना धडधडीत दिसतं ते मोजून नवीन काय कळतं? आणि घरच्याच माणसांच्या नोंदी ठेवणं हा अभ्यास म्हणायचा की आगाऊपणा?
— एक आई, कामतघर, भिवंडी

उत्तर : तुमच्या पाहुण्यांना जे दिसलं ते खरंच होतं. त्यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष घाईचा होता, आणि तुमच्या लेकीने नेमकं तिथेच बोट ठेवलं.

२०११च्या जनगणनेत भिवंडी-निजामपूर महापालिकेच्या हद्दीत ४,१५,३३९ पुरुष आणि २,९४,३२६ स्त्रिया नोंदल्या गेल्या. हजार पुरुषांमागे साधारण ७०९ स्त्रिया. त्याच जनगणनेत महाराष्ट्राचं प्रमाण ९२९ होतं. म्हणजे कोणी बायकांना उंबऱ्याच्या आत ठेवलं की नाही हा प्रश्न नंतरचा. मुळात शहरातच पुरुषांपेक्षा सव्वा लाखाच्या आसपास स्त्रिया कमी होत्या. नाक्यावर उभं राहून जे जाणवतं, त्याचा मोठा भाग या एका आकड्यात आहे.

मग त्या स्त्रिया आहेत कुठे? उत्तर प्रदेशात, बिहारमध्ये, झारखंडमध्ये, तेलंगणातल्या खेड्यांत. यंत्रमागावर काम करणारे त्यांचे नवरे, मुलगे, भाऊ इथे आहेत. मागावरची मजुरी मीटरवर ठरते. कापड निघालं तर पैसे, वीज गेली किंवा सूत महागल्यामुळे शेठने माग बंद ठेवले तर काही नाही. पाळी बारा तासांची. एका खोलीत बरेच जण मिळून भाडं भरतात. दिवसपाळीचे कामावर गेले की त्याच जागेवर रातपाळीचे येऊन पडतात. जेवण खानावळीत. अशा खोलीत बायको-मुलांना ठेवणार कुठे? शिवाय बहुतेकांचं नाव कुठल्याही हजेरीपटावर नसतं, त्यामुळे भविष्य निर्वाह निधी नाही, आजारपणाची सोय नाही. हात थकले की गावाकडच्या दोन बिघ्यांवरच परतायचं, म्हणून कुटुंब गावी राहतं. पुरुष शहरात आणि बाई गावात, ही विभागणी मजुरीच्या पद्धतीने केलेली आहे. शेठला कामगार लागतो, कामगाराच्या कुटुंबाचा खर्च मात्र गावाकडची शेती उचलते.

तुमच्या पाहुण्या यावर म्हणतील, "असेल, पण रीतिरिवाजाचाही भाग असेलच ना?" रास्त शंका आहे, आणि अशा शंकेची परीक्षा घेता येते. त्यासाठी दुसरं गाव शेजारी ठेवून पाहायचं. मालेगाव घ्या. तेही यंत्रमागाचं शहर, तिथेही मुस्लिम विणकरांची वस्ती मोठी. पण तिथला विणकर पिढ्यान्‌पिढ्या कुटुंबासकट राहणारा आहे, आणि २०११मध्ये तिथलं स्त्री-पुरुष प्रमाण जवळपास बरोबरीचं होतं. आता सुरत घ्या. तिथल्या मागांवर ओडिशाच्या गंजाम जिल्ह्यातले मजूर मोठ्या संख्येने, बहुतांशी हिंदू. सुरत जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ७८७ स्त्रिया होत्या. धर्म वेगळा तरी सुरत भिवंडीसारखी, आणि धर्म तोच असूनही मालेगाव भिवंडीपेक्षा वेगळं. प्रमाण कशाबरोबर बदलतं ते पाहा : एकट्या पुरुषांच्या स्थलांतराबरोबर.

मोजून नवीन काय कळतं, याचं माझं उत्तर हे आहे. साचेबंद समजुती बहुधा पूर्ण खोट्या नसतात, म्हणूनच त्या टिकतात. त्या डोळ्यांना दिसलेली एखादी खरी गोष्ट उचलतात आणि तिचं कारण माणसांच्या स्वभावात, जातीत, धर्मात नेऊन चिकटवतात. समाजशास्त्राचा विद्यार्थी ती गोष्ट नाकारत नाही, तिचं कारण तपासतो. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ सी. राइट मिल्स यांनी १९५९च्या आपल्या पुस्तकात बेकारीचं उदाहरण दिलं होतं. लाखभर वस्तीच्या शहरात एकच माणूस बेकार असेल तर त्याचं कौशल्य, त्याचा स्वभाव पाहावा. पण कोट्यवधी लोकांच्या देशात कामगारांचा मोठा हिस्साच बेकार असेल, तर प्रत्येकाच्या स्वभावात दोष शोधत बसण्यात अर्थ नाही.

भिवंडीवर दुसरा एक शिक्का आहे, आणि तो तुम्ही याहून जास्त वेळा ऐकला असणार : भिवंडी म्हणजे दंगल. मे १९७०मध्ये इथे भीषण दंगल झाली. तिच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती मादन आयोग नेमावा लागला. मे १९८४मध्ये पुन्हा शहर पेटलं आणि ती आग मुंबई-ठाण्यापर्यंत गेली. पुढे डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३मध्ये मुंबई जळत होती, तिथल्या दंगलींची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालानुसार ९०० माणसं मेली, तेव्हा भिवंडी शांत राहिली. लोक तेच, धर्म तेच, गल्ल्या त्याच, समोरासमोर असलेली मंदिरं-मशिदी त्याच. स्वभाव हेच कारण असतं तर सगळ्यांत आधी भिवंडी पेटायला हवी होती.

मधल्या काळात एक व्यवस्था बदलली होती. १९८८मध्ये सुरेश खोपडे भिवंडीला पोलीस उपायुक्त म्हणून आले. त्यांनी मोहल्ला समित्या बांधल्या. एकाच भागातले हिंदू आणि मुसलमान, त्यांच्याबरोबर त्या भागाचा पोलीस अधिकारी, सगळे नियमाने भेटायचे. विषय रोजचे असत : नळाचं भांडण, गटार, कोणाच्या पोराने कोणाला शिवी दिली. दंगलीची अफवा उठली तेव्हा ती खरी की खोटी हे विचारायला पलीकडच्या वस्तीत ओळखीचं माणूस होतं, आणि पोलिसही अनोळखी उरले नव्हते. आशुतोष वार्ष्णेय यांनी भारतातल्या शहरांतल्या दंगलींवर जे पुस्तक २००२मध्ये लिहिलं, त्यात भिवंडीच्या या समित्यांची दखल आहे. त्यानंतर शहरात कधीच काही झालं नाही, असं नाही. जुलै २००६मध्ये पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून हिंसा झाली, दोन पोलीस मारले गेले. व्यवस्था माणसांनी उभी करावी लागते आणि चालू ठेवावी लागते, एवढंच त्यावरून दिसतं. तुमच्या लेकीने आज साठी-सत्तरीत असलेल्या शेजाऱ्यांना या समित्यांबद्दल विचारावं. ते सगळे हयात आहेत तोवर ही माहिती गोळा करता येईल. मला विचाराल तर भिवंडीच्या विद्यार्थ्यापुढे याहून मोलाचा विषय नाही.

समजूत तपासून पाहायची ही रीत बाहेरून आलेली आहे असं तिच्या वडिलांना वाटत असेल, तर त्यांना मुक्ता साळवेची गोष्ट सांगा. जोतिबा आणि सावित्रीबाई फुल्यांच्या पुण्यातल्या शाळेत शिकणारी ही मातंग समाजातली मुलगी. १८५५मध्ये 'ज्ञानोदय' नियतकालिकाने तिचा मांग-महारांच्या दुःखावरचा निबंध छापला. तिने काही मोठमोठे सिद्धांत मांडले नाहीत. बाळंतपणात आमच्या बायकांच्या डोक्यावर छप्परही नसतं, पेशवाईत कोणत्या वाटेवरून गेलं म्हणून कोणती शिक्षा व्हायची, आणि वेद आमचेच असं ब्राह्मण म्हणतात तर मग आमचा धर्म कोणता, असे प्रश्न तिने रोजच्या जगण्यातून उचलले. ही माणसं अशीच असतात, असं म्हणणाऱ्यांना तिने दाखवून दिलं की ती तशी ठेवली गेली आहेत. समाजशास्त्र या नावाने तिला कोणी काही शिकवलेलं नव्हतं. मुंबई विद्यापीठात या विषयाचा विभाग निघायला अजून चौसष्ट वर्षं होती. तो १९१९मध्ये सुरू झाला.

त्याच विभागात गो. स. घुर्ये यांच्या हाताखाली शिकून इरावती कर्वे १९२०च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला गेल्या. तिथे त्यांचे मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर. गोऱ्या वंशाची कवटी डाव्या-उजव्या बाजूंना अधिक असमान असते आणि त्यातून त्या वंशाची बुद्धी दिसते, अशी धारणा होती, आणि इरावतीबाईंनी ती सिद्ध करावी अशी अपेक्षा होती. बाईंनी कवट्या मोजल्या. वंशावंशांत तसा फरक त्यांना आढळला नाही, आणि गुरूला रुचणार नाही हे माहीत असून त्यांनी तसंच लिहिलं. तुमच्या लेकीच्या हातातली वही या घराण्यातली आहे.

मोजण्याला दुसरीही बाजू आहे. कधी कधी मोजल्यावर साचेबंद समजूत खोटी ठरते, तर कधी 'आता असा भेदभाव कुठे राहिलाय' ही समाधानाची समजूत खोटी ठरते. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी ऑक्टोबर २००५पासून ६६ आठवडे इंग्रजी वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना अर्ज पाठवले. शिक्षण सारखं, फक्त नाव वेगळं. सवर्ण हिंदू आडनावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणं येण्याची शक्यता सुमारे दोन तृतीयांश, मुस्लिम नावाला सुमारे एक तृतीयांश निघाली. एकेकट्या उमेदवाराला हे कधीच कळलं नसतं. आपलं इंग्रजी कच्चं आहे असा समज त्याने करून घेतला असता. हजारो अर्ज एकत्र ठेवले तेव्हा भिंत दिसली.

आता घरातल्या नोंदींकडे येऊ. शेवटी कोण जेवतं हे लिहिणं तिच्या वडिलांना खटकतं, आणि ते मी समजू शकते. पण घरात कोणाचा वेळ कशात जातो, हा याच जातीचा प्रश्न सरकारनेही विचारला आहे. २०१९च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात स्वयंपाक, झाडलोट, धुणं अशी बिनपगारी घरकामं करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ गेला. जे पुरुष ही कामं करतात त्यांचा ९७ मिनिटं. आणि अशी कामं करणारे पुरुष मुळात चारांत एक. भिवंडीत तर याला आणखी एक पदर आहे. अनेक घरांत बायका कांड्या भरतात, कपड्यांचे धागे कापतात, नगावर पैसे मिळणारी कामं घरी आणतात. ती बाई दिवसभर कामात असते, रस्त्यावर मात्र दिसत नाही, आणि विचारलं तर घरातलेच सांगतात, "ती काही करत नाही." म्हणजे पाहुण्यांच्या निरीक्षणाचं दुसरं कारण तुमच्या गल्लीतच असू शकतं. बाहेर न दिसणाऱ्या बायकांवर बंधनंही असतात, हे मी नाकारत नाही; अंधार पडल्यावर मुलीने एकटीने नाक्यावर जाऊ नये असं किती घरांत सांगतात आणि मुलाला का सांगत नाहीत, हेही तिने विचारावं. सगळ्या धर्मांच्या, सगळ्या भाषांच्या घरांत सारखंच विचारावं. फक्त पलीकडच्या मोहल्ल्याची वही भरली आणि स्वतःच्या घराचं पान कोरं ठेवलं, तर तो अभ्यास राहत नाही.

आगाऊपणा कुठे सुरू होतो तेही सांगते. ज्याच्याबद्दल लिहायचं त्याला आधी विचारावं आणि कशासाठी लिहितो ते सांगावं. नाही म्हटलं तर वही मिटावी. वहीत नावं लिहू नयेत. मागावरच्या कामगाराला मजुरी विचारायची असेल तर शेठसमोर किंवा मुकादमासमोर विचारू नये. त्याचं काम जाऊ शकतं. वडिलांच्या नोंदी वडिलांना दाखवाव्यात आणि त्यांचं म्हणणंही लिहावं. मुंबईतल्या 'पुकार' या अर्जुन अप्पादुराई यांनी सुरू केलेल्या संस्थेत वस्त्यांमधली तरुण मुलं गट करून आपल्याच जगण्यावर संशोधन करत आली आहेत. संशोधन करणं हा सामान्य माणसाचा हक्क आहे, असं अप्पादुराईंचं म्हणणं. तो हक्क ज्यांच्याबद्दल आपण लिहितो त्यांनाही आहे, हे तिला ठाऊक असू द्या.

एक काम तिला माझ्याकडून द्या. जनगणनेच्या तक्त्यांत शून्य ते सहा वयोगटातल्या मुलामुलींचं प्रमाण वेगळं दिलेलं असतं. भिवंडीचं ते काढून मोठ्या माणसांच्या प्रमाणाशी ताडून पाहू दे. लहान मुलांतली तफावत पुष्कळ कमी निघाली तर स्थलांतराच्या कारणाला बळ मिळेल. तशी निघाली नाही तर माझं वरचं स्पष्टीकरण अपुरं ठरेल आणि मुली लहानपणापासूनच कमी का आहेत हा वेगळा, जास्त गंभीर प्रश्न उभा राहील. शिवाय २०११चे आकडे आता जुने झाले आहेत. मधल्या काळात माणकोली, काल्हेर, राहनाळकडे गोदामं उभी राहिली, आणि सामान निवडायला, पॅकिंग करायला तिथे बायकाही जातात. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. तोवर गोदामांची पाळी सुटायच्या वेळी तिने एखाद्या मैत्रिणीला घेऊन माणकोली नाक्यावर उभं राहून मोजावं, आणि धामणकर नाक्याचे आकडे त्याच्या शेजारी लिहावेत.