फाऊल आणि त्याचा न्याय

बास्केट-बॉलच्या सामन्यांत पंचाची शिट्टी वाजली कीं प्रेक्षकांत दोन तट पडतात. एक म्हणतो फाऊल झाला, दुसरा म्हणतो झालाच नाहीं. परंतु पंचाचें खरें कठीण काम शिट्टीनंतर सुरू होतें. धक्का पाहणें हें डोळ्यांचें काम. त्यास कोणता नियम लागू पडतो हें ठरविणें बुद्धीचें काम होय. या दुसऱ्या कामाचा आम्ही येथें विचार करणार आहों.

जेम्स नेस्मिथ या शिक्षकांनीं इ. स. १८९१ च्या डिसेंबरांत अमेरिकेंतील स्प्रिंगफील्ड येथें हा खेळ काढला, तेव्हां त्याचे नियम अवघे १३ होते. एका पक्षानें लागोपाठ तीन फाऊल केले कीं प्रतिपक्षास एक गोल मिळे. एका पंचानें गड्यांकडे पाहून फाऊल मोजावे व दुसऱ्यानें चेंडूकडे पाहावें, ही वांटणीही तेव्हांचीच.

आजच्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणें पंचास मुख्यतः चार प्रश्न सोडवावे लागतात. पहिला : दोष कोणाचा? बचाव करणारा गडी दोन्ही पाय टेकून, प्रतिपक्ष्याकडे तोंड करून आधींच उभा असेल व चेंडू नेणारा त्याच्या छातीवर आदळला, तर दोष आदळणाऱ्याचा. दुसरा : ज्यास धक्का लागला तो चेंडू टोपलींत टाकीत होता काय? तसें असून गोल झाला, तर गोल धरून एक फ्री थ्रो. न झाल्यास दोन, आणि तीन गुणांच्या रेषेबाहेरून टाकला असल्यास तीन. तिसरा : सामन्याच्या चार भागांपैकीं चालू भागांत या संघाचे फाऊल किती? चार भरल्यावर पुढील फाऊलास, गडी चेंडू टाकीत नसला तरी, दोन फ्री थ्रो. चौथा : या गड्याचे स्वतःचे किती? पांच झाले कीं त्यानें सामना सोडला पाहिजे.

हे प्रश्न एकमेकांत गुंतले म्हणजे चूक होते. समजा, ‘अ’ संघाचे चार फाऊल भरले आहेत, आणि त्याचा गडी चेंडू नेतांना योग्य जागीं उभ्या असलेल्या ‘ब’ च्या गड्यास धडकतो. संघाचा हा पांचवा फाऊल. म्हणून प्रेक्षक दोन फ्री थ्रो मागतात, व घाईंत पंचही ते देऊन बसतो. परंतु तें नियमाविरुद्ध आहे. ज्यांच्या ताब्यांत चेंडू आहे त्यांचा फाऊल गड्याच्या व संघाच्या खातीं लिहिला जातो, पण त्याबद्दल फ्री थ्रो नाहीं. ‘ब’ संघास रेषेबाहेरून चेंडू टाकावयास मिळतो, इतकेंच.

धक्का कोणाचा, हा पंचाचा निर्णय. त्यावर मैदानांत वाद नाहीं. परंतु नसता फ्री थ्रो देणें, हक्काचा न देणें, भलत्याच गड्यास टाकूं देणें, गुण चुकीनें देणें वा रद्द करणें, या चुका सुधारण्याची सवड नियमांतच आहे. मुदत मात्र थोडी. चुकीनंतर घड्याळ सुरू होऊन खेळ प्रथम थांबला, कीं चेंडू पुन्हां खेळांत येण्यापूर्वीं ती लक्षांत आली पाहिजे. मुदत गेली कीं चूक कायम. मग एका गुणानें हरलेल्या मुलांचे श्रम दुसऱ्याच्या विसराळूपणामुळें वायां जातात.

यास्तव टेबलाशीं बसून नोंद ठेवणाराचें काम आम्हांस फार मोलाचें वाटतें. शालेय सामन्यांत तें पुष्कळदां विद्यार्थ्याकडेच येतें. त्याचा एक आंकडा चुकला तर पंचाचीं तिसऱ्या व चौथ्या प्रश्नांचीं उत्तरें चुकतात. प्रत्येक फाऊल त्यानें पंचाची खूण होतांच लिहावा. आठवणीवर ठेवूं नये.

पालकांस विनंती अशी कीं, पंच क्षणभर थांबून टेबलाकडे विचारावयास गेला तर त्यास कच्चा समजूं नये; तो न्यायासाठींच थांबला आहे. आणि विद्यार्थिमित्रांनो, नियम पाठ असणें व ऐन गलबल्यांत योग्य नियम लावणें यांत अंतर आहे. तें सरावानेंच तुटतें. पुढील सामन्यांत शिट्टी वाजतांच हे चार प्रश्न आपल्या मनाशीं सोडवावे, आणि मग पंचाची खूण पाहावी.