कुर्डीची मोगू आणि खांसाहेब

थोर कलावंताशीं आपली ओळख व्हावी, असें कोणत्या मुलास वाटत नाहीं? आपलें चित्र एखाद्या नामांकित चित्रकाराच्या दृष्टीस पडावें, आपला सूर एखाद्या मोठ्या गवयाच्या कानीं जावा, आणि त्यानें आपणांस जवळ बोलवावें, असे मनोरथ आमच्या कांहीं विद्यार्थ्यांनीं आम्हांस बोलून दाखविले आहेत. अशी मैत्री खरोखर घडते काय, घडल्यास ती कशाच्या आधारावर उभी राहते, आणि तींतून मुलाच्या पदरीं काय पडतें, हें एका खऱ्या उदाहरणावरून पाहावें, असें योजून आम्ही हा पाठ लिहिला आहे.

गोमंतकांत सांगें तालुक्यांत कुर्डी नांवाचें गांव होतें. तें साळावली धरणाच्या पाण्याखालीं गेलें. उन्हाळ्यांत पाणी ओसरलें म्हणजे त्याचे अवशेष अजूनहि वर दिसतात. या गांवीं १५ जुलै १९०४ रोजीं मोगूबाईंचा जन्म झाला. मुलीनें मोठी गायिका व्हावें, हा आई जयश्रीबाई यांचा ध्यास होता. त्यांनीं तिला झांबावलीच्या देवळांत भजनें म्हणावयास नेलें. तेथून ती चंद्रेश्वर भूतनाथ संगीत मंडळी या नाटक कंपनींत गेली. १९१४ सालीं आई वारली. मोगू त्या वेळीं अवघी दहा वर्षांची होती. पुढें ती कंपनी बुडाली. सातारकर स्त्री संगीत मंडळींत तिनें कामें केलीं. परंतु तेथेंहि तिचा फार काळ टिकाव लागला नाहीं. प्रकृति बिघडली, व १९१९ सालीं उपचारासाठीं तिला सांगलीस आणण्यांत आलें.

या मुलीची त्या वेळची स्थिति वाचकांनीं क्षणभर डोळ्यांपुढें आणावी. वय पंधरा, आईचें छत्र नाहीं, हातचें काम गेलेलें, शरीर दुबळें. शिवाय तो काळ असा कीं, गाणाऱ्या स्त्रीकडे समाज आदरानें पाहत नसे. सांगलींत एका उस्तादांकडे तिचें शिक्षण सुरू झालें. तेंहि मध्येंच थांबलें. तरी जेवढा पाठ मिळाला होता तेवढा ती घरीं बसून घोकीत राहिली. ऐकावयास कोणी नव्हतें, शाबासकी द्यावयास कोणी नव्हतें. पण रियाज चालू होता.

याच सुमारास उस्ताद अल्लादियाखां हेहि सांगलींत औषधोपचारासाठीं राहिले होते. त्यांचा जन्म १८५५ सालीं राजपुतान्यांत उणियारा येथें झाला. १८९५ पासून ते कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या दरबारचे गवई होते, आणि जयपूर-अत्रौली घराण्याचे धुरीण म्हणून त्यांचें नांव देशभर झालें होतें. येतां-जातां त्या घरांतील मुलीचा सूर त्यांच्या कानीं पडूं लागला. ते थांबून ऐकूं लागले. एके दिवशीं ते आंत गेले, बसले, आणि त्यांनीं तिला गावयास सांगितलें. त्या दिवसापासून ते स्वतः तिच्या घरीं येऊन तिला शिकवूं लागले. हे वृद्ध गृहस्थ कोण, हें प्रथम त्या मुलीस ठाऊकहि नव्हतें, असें सांगतात.

खांसाहेब त्या दाराशीं कां थांबले असतील? आम्हांस वाटतें, त्याचें एक उत्तर त्यांच्या स्वतःच्या आयुष्यांत आहे. तरुणपणीं त्यांचा आवाज अतिशय गोड होता. माळव्यांतील आमलेटा संस्थानांत असतां अतिश्रमानें तो बसला, आणि पूर्वीसारखा पुन्हां कधींच झाला नाहीं. दुसरा एखादा गवई तेथेंच संपला असता. खांसाहेबांनीं उरलेल्या आवाजाला शोभेल अशी नवी, वक्र व लयीशीं घट्ट गुंफलेली गायकी घडविली, आणि तीच पुढें त्यांच्या कीर्तीस कारण झाली. ज्यानें आपला मोडलेला गळा परिश्रमानें पुन्हां उभा केला, त्याला एका आजारी मुलीचा एकाकी रियाज ऐकून पुढें जाववलें नसेल, तर त्यांत नवल तें काय?

एकीकडे चौसष्ट वर्षांचे, उत्तरेंत वाढलेले मुसलमान उस्ताद, आणि दुसरीकडे पंधरा वर्षांची गोव्याची हिंदु मुलगी. वय, धर्म, प्रांत, मातृभाषा, सर्वच निराळें. मग या नात्यास मैत्री म्हणावें काय? आमच्या मतें अवश्य म्हणावें. कारण सुरापुढें दोघांचीहि निष्ठा एकच होती, आणि मैत्रीला याहून मोठा पाया लागत नाहीं.

ही मैत्री गोड बोलण्याची नव्हती, हेंहि ध्यानांत घ्यावें. ख्यालगायनाचें शिक्षण पुस्तकावरून होत नाहीं. गुरूनें एक स्वरवाक्य म्हणावयाचें, शिष्यानें तें तसेंच परत म्हणावयाचें. चुकलें तर पुन्हां, बरोबर आलें तरी पुन्हां. खांसाहेबांची गायकी तर विशेष कठीण मानतात. तींत मोकळा आकार लागतो. तानेचा प्रत्येक दुवा लयीशीं जुळलेला असावा लागतो. दोन राग एकांत मिसळलेले जोडराग गावे लागतात, आणि त्यांत एक स्वर इकडचा तिकडे झाला तरी रागाचें रूप बिघडतें. अशा कलावंतानें मुलाला द्यावयाची देणगी म्हणजे स्तुति नव्हे. आपला वेळ आणि आपली शिस्त हीच ती देणगी होय.

ही शिकवणी सुमारें दीड वर्ष चालली. मग खांसाहेब मुंबईस गेले, आणि ती तुटली. गोष्टींतील मुलें येथें रडून बसतात. मोगू बसली नाहीं. १९२२ सालीं तीहि मुंबईस आली. खांसाहेबांची तालीम लगेच मिळाली नाहीं. मधल्या काळांत तिनें इतर उस्तादांकडे धडे घेतले. पुढें खांसाहेबांचे बंधु हैदरखां यांच्याकडे ती कांहीं वर्षें शिकली, आणि तेंहि शिक्षण खंडित झालें. अखेर १९३४ सालीं अल्लादियाखांनीं तिला विधिपूर्वक गंडा बांधला, म्हणजे मनगटाला दोरा बांधून शिष्या म्हणून स्वीकारलें. सांगलीच्या त्या पहिल्या भेटीस तेव्हां पंधरा वर्षें होत आलीं होतीं. पुढें १९४६ सालीं खांसाहेब निवर्तले.

कुर्डीच्या या मुलीस १९७४ सालीं पद्मभूषण हा सन्मान मिळाला. १० फेब्रुवारी २००१ रोजीं मुंबईंत त्यांचें निधन झालें. त्यांनीं आपली विद्या स्वतःपाशीं ठेवली नाहीं. कन्या किशोरी आमोणकर, तशाच कमल तांबे, पद्मा तळवलकर आदि शिष्यांना त्यांनीं ती त्याच कडक शिस्तीनें दिली. एका दाराशीं थांबलेल्या पावलांचा लाभ अशा रीतीनें पुढच्या पिढ्यांस झाला.

विद्यार्थिमित्रहो, आतां या कथेंतील मर्म पाहा. खांसाहेबांच्या भेटीनें मोगूचा रियाज सुरू झाला असें नाहीं. आधींपासून चाललेल्या रियाजानें ती भेट घडविली. त्या दिवशीं घरांतून सूर येत नसता, तर खांसाहेब सरळ पुढें निघून गेले असते. तसेंच, भेट झाली म्हणून सर्व साधलें असेंहि नाहीं. ती पंधरा वर्षें सांभाळावी लागली. आपल्या वरसाव्याच्या पुलावर गाड्यांच्या रांगेंत अडकलेलीं मुलें मोबाइलवर मोठमोठ्या गायकांचीं गाणीं ऐकतात; तें चांगलेंच आहे. परंतु ऐकणें म्हणजे शिकणें नव्हे, आणि नामांकित माणसासमवेत छायाचित्र काढणें म्हणजे मैत्री नव्हे.

पालकांसहि आमची एक विनंति आहे. खांसाहेबांसारखे गुरु प्रत्येक दारीं येत नाहींत. परंतु त्यांनीं जें प्रथम केलें तें प्रत्येक घरीं करतां येतें. ते थांबले, आणि त्यांनीं ऐकलें. आपलें मूल गात असेल, चित्र काढीत असेल, अथवा पेटीवर बोटें फिरवीत असेल, तर ‘परीक्षेत याचे गुण किती?’ असें विचारण्यापूर्वीं दहा मिनिटें त्याच्याजवळ बसावें. मोगूबाईंच्या गायनाचीं ध्वनिमुद्रणें आज ऐकावयास मिळतात. सुटींत एखादें मुलांसह ऐकावें, आणि मग त्यांना विचारावें, कीं हा सूर लावण्यासाठीं या बाईंना किती वर्षें लागलीं असतील?