समतोल संघाची रचना : पोकेमॉनच्या स्पर्धात्मक खेळातून एक अभ्यासपाठ

‘संघ’ हा शब्द बौद्ध घरातील मुलाच्या कानी अगदी लहानपणापासून पडतो. त्रिशरणातील तिसरे शरण संघाचे आहे. तोच शब्द आपण कबड्डीच्या मैदानावरही वापरतो. भिक्खुसंघ आणि खेळाचा संघ यांची बरोबरी करण्याचा येथे हेतू नाही. परंतु निरनिराळ्या स्वभावाची आणि सामर्थ्याची माणसे एकत्र आली असता एकमेकांचे उणेपण कसे भरून काढतात, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे. आजची मुले ज्या खेळात रमतात, त्या पोकेमॉनच्या आधारे या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

‘मुलगा तासन् तास प्राण्यांच्या मारामाऱ्या खेळत बसतो’ अशी तक्रार अनेक पालक करतात. ती सर्वस्वी निराधार नाही. तथापि एखादी गोष्ट केवळ ऐकीव माहितीवरून स्वीकारू नये आणि नाकारूही नये, ती स्वतः पारखून पाहावी, ही कालाम सुत्ताची शिकवण आपल्या परिचयाची आहे. त्याच न्यायाने हा खेळही आधी समजून घेतला पाहिजे.

१. खेळाचे स्वरूप

पोकेमॉनचे पहिले खेळ २७ फेब्रुवारी १९९६ रोजी जपानमध्ये प्रसिद्ध झाले. त्यांचे जनक सातोशी ताजिरी यांना बालपणी कीटक गोळा करण्याचा छंद होता आणि त्या छंदातूनच या खेळाची कल्पना उगवली. खेळाडू नाना प्रकारचे काल्पनिक जीव मिळवतो, त्यांना वाढवतो आणि दुसऱ्या खेळाडूच्या जीवांशी त्यांचा सामना लावतो. हरलेला जीव मरत नाही, मूर्च्छित होतो. उपचारानंतर तो पुन्हा उभा राहतो.

या खेळाची अधिकृत जागतिक स्पर्धा २००९ पासून भरू लागली. तिचे नियम थोडक्यात असे : प्रत्येक खेळाडू ६ पोकेमॉनांचा संघ आणतो. दोघेही एकमेकांचा संघ पाहतात आणि मग प्रत्येक जण आपल्या ६ पैकी ४ निवडतो. मैदानावर एका वेळी दोघांचे दोन-दोन पोकेमॉन उभे राहतात. एकाच जातीचे दोन पोकेमॉन संघात चालत नाहीत आणि एकच वस्तू दोघांजवळ देता येत नाही. प्रत्येक पोकेमॉनला ४ चाली येतात. दोन्ही खेळाडू आपापला निर्णय एकाच वेळी घेतात, म्हणून प्रतिस्पर्ध्याच्या मनात काय चालले आहे याचा अंदाज बांधावाच लागतो.

येथे गणित सुरू होते. ६ पैकी ४ निवडण्याच्या रीती १५ आहेत. निवडलेल्या ४ मधून पहिली जोडी पाठवण्याच्या रीती ६ आहेत. म्हणजे एकाच संघाने सामना सुरू करण्याचे ९० मार्ग झाले. विशेष म्हणजे जे दोन पोकेमॉन बाहेर बसतात तेही निरुपयोगी नसतात. ते येतील की काय, या शंकेने प्रतिस्पर्ध्याला आपली निवड बदलावी लागते. न खेळताही त्यांनी काम केलेले असते.

२. प्रकारांचे परस्परसंबंध

प्रत्येक पोकेमॉन एक किंवा दोन ‘प्रकारां’चा असतो. आज असे १८ प्रकार आहेत. पाणी अग्नीवर भारी, अग्नी वनस्पतीवर आणि वनस्पती पाण्यावर, हे त्यांतील सर्वांत सोपे चक्र होय. भारी प्रकाराच्या चालीने दुप्पट हानी होते, दुर्बळ प्रकाराच्या चालीने निम्मी होते आणि काही ठिकाणी हानी मुळीच होत नाही. उदाहरणार्थ, विजेची चाल भूमी प्रकाराला स्पर्शही करत नाही.

दोन प्रकार एकत्र आले की गुणाकार करावा लागतो. गायराडोस हा पाणी आणि उड्डाण या दोन प्रकारांचा आहे. वीज दोहोंवर भारी, म्हणून त्याला विजेच्या चालीने २ × २ म्हणजे चौपट हानी होते. गार्चोम्प हा ड्रॅगन आणि भूमी प्रकारांचा. त्याला बर्फाच्या चालीने चौपट हानी होते, परंतु वीज त्याला लागत नाही.

यावरून पहिला नियम निघतो. सर्वांवर भारी असा कोणताही प्रकार नाही. प्रत्येकाला कोठे तरी मर्मस्थान आहे. म्हणून एकाच प्रकारचे सहा बलवान घेतले, तर सहांचे मर्मस्थानही एकच होते आणि प्रतिस्पर्ध्याची एकच चाल सर्वांना पुरून उरते. गायराडोससोबत गार्चोम्प असला, तर विजेचा मारा दिसताच गायराडोसला मागे घेऊन गार्चोम्प पुढे करता येतो. एकाच्या दुबळेपणावर दुसऱ्याचे अंग हेच उत्तर ठरते.

३. भूमिकांची वाटणी

नवखा खेळाडू बहुधा सहाही जागा आघात करणाऱ्यांनी भरतो. दोन-चार सामन्यांतच त्याला कळते की मारणारा टिकला पाहिजे, त्याची पाळी आधी आली पाहिजे आणि त्याच्यावरचा मारा कोणी तरी झेलला पाहिजे. म्हणून समतोल संघात पुढील भूमिका असाव्यात.

आघात करणारे : आघात दोन जातींचा असतो, शारीरिक आणि विशेष. दोन्ही जातींचे आघातक हवेत, कारण एका जातीच्या आघाताला रोखणारे अनेक बचावपटू असतात.

मारा ओढून घेणारे : ‘फॉलो मी’ ही चाल वापरणारा पोकेमॉन जोडीदारावर रोखलेला वार स्वतःकडे वळवतो. भूकंपासारख्या सर्वत्र पसरणाऱ्या चाली मात्र अशा वळत नाहीत.

वेगावर नियंत्रण ठेवणारे : साधारणतः वेगवान पोकेमॉनची पाळी आधी येते. ‘टेलविंड’ या चालीने आपल्या बाजूचा वेग काही फेऱ्यांपुरता दुप्पट होतो. ‘ट्रिक रूम’ ही त्याहून चमत्कारिक चाल आहे. तिने क्रमच उलटतो आणि मंद पोकेमॉन आधी चाल करतो. ज्या मंदपणाला आपण दोष समजत होतो तोच परिस्थिती बदलताच गुण ठरतो.

प्रतिस्पर्ध्याला क्षीण करणारे : काही पोकेमॉन मैदानात उतरताच ‘इंटिमिडेट’ या अंगभूत गुणाने समोरच्या दोघांचेही शारीरिक बळ घटवतात.

४. मर्यादित श्रमांची गुंतवणूक

जीवशक्ती, शारीरिक आघात, शारीरिक बचाव, विशेष आघात, विशेष बचाव आणि वेग असे प्रत्येक पोकेमॉनचे ६ गुण असतात. मालिकेतील बहुतेक आधुनिक खेळांत सरावातून हे गुण वाढवण्यासाठी एकूण ५१० अंक मिळतात आणि एका गुणात २५२ हून अधिक अंक घालता येत नाहीत. म्हणजे दोन गुण पूर्ण वाढवले की हाती जवळजवळ काही उरत नाही. सर्वच गुणांत थोडे-थोडे वाटले तर कोणताच गुण उपयोगापुरता वाढत नाही. म्हणून ‘या पोकेमॉनकडून मला नेमके कोणते काम हवे आहे?’ हा प्रश्न आधी विचारावा लागतो. संघाचा समतोल साधायचा म्हणजे प्रत्येक घटक सर्वगुणसंपन्न करायचा असे नव्हे. प्रत्येकाने आपले काम नीट करावे आणि सर्वांची कामे मिळून संघ पूर्ण व्हावा, हाच समतोल होय.

५. पाचिरिसूचा धडा

२०१४ ची जागतिक स्पर्धा अमेरिकेतील वॉशिंग्टन डी. सी. येथे झाली. तीत मोठ्या वयोगटाचे विजेतेपद दक्षिण कोरियाच्या से जुन पार्क यांनी मिळवले. त्यांच्या संघात गार्चोम्प, गायराडोस, गार्डेव्हॉर, टॅलनफ्लेम आणि गॉथिटेल यांच्याबरोबर पाचिरिसू ही एक चिमुकली विद्युत खार होती.

पाचिरिसूच्या सहा मूळ गुणांची बेरीज ४०५ आहे, तर गार्चोम्पची ६००. तिचा आघात अवघा ४५. गुणपत्रिका पाहून निवड करणाऱ्याने तिला पहिल्याच चाळणीत बाजूला ठेवले असते. पार्क यांनी मात्र तिची बेरीज बाजूला ठेवून संघाला काय हवे आहे ते पाहिले.

गायराडोसला विजेचे भय होते. पाचिरिसूच्या अंगी वीज शोषून घेण्याचा गुण आहे. विजेचा वार तिच्यावर पडला, तर हानी होण्याऐवजी तिची जीवशक्ती वाढते. ‘फॉलो मी’ने ती जोडीदारावरचा वार आपल्याकडे ओढून घेऊ शकत होती. ‘सुपर फँग’ ही तिची चाल समोरच्याची उरलेली जीवशक्ती निम्म्यावर आणते. या चालीत चाल करणाऱ्याचे आघातबळ मोजलेच जात नाही, त्यामुळे तिचा दुबळा आघात येथे आड आला नाही. ‘नझल’ने ती समोरच्याला लुळे करून त्याचा वेग घटवत असे. ज्या कामात ती उणी होती ते काम तिला दिलेच नव्हते, आणि जे तिला दिले होते ते त्या संघात दुसऱ्या कोणाला तसे जमले नसते.

या उदाहरणाचा सोपा पण चुकीचा अर्थ असा काढला जाईल की दुर्बळाला घेतले की विजय मिळतो. तसे नाही. पाचिरिसूच्या शेजारी गायराडोस आणि गार्चोम्प यांच्यासारखे बलवान उभे होते. तिच्यामुळे त्यांना वाव मिळाला आणि त्यांच्यामुळे तिच्या कष्टाचे फळ पदरात पडले. या परस्परावलंबनात विजयाचे मर्म आहे.

६. समतेचा धम्मविचार

समतोलाचा विचार आपल्या परंपरेत फार सूक्ष्मपणे झालेला आहे. सोण कोळिविस या भिक्खूने चंक्रमण करता करता पाय रक्तबंबाळ करून घेतले, तरीही त्याला यश येईना. तो पूर्वी वीणावादनात निपुण होता. तथागतांनी त्याला वीणेच्या तारांचाच दाखला दिला. तार फार ताणली तरी सूर बिघडतो आणि फार सैल सोडली तरी बिघडतो. तसेच वीर्याचे, म्हणजे प्रयत्नांचे आहे.

आचार्य बुद्धघोषांनी विसुद्धिमग्गात हाच विचार पाच इंद्रियांना लावला आहे. धर्मानंद कोसंबी यांनी संपादिलेला हा ग्रंथ अनेक वाचकांना नावाने तरी ठाऊक असेल. श्रद्धा आणि प्रज्ञा ही एक जोडी, वीर्य आणि समाधी ही दुसरी. प्रज्ञेवाचून श्रद्धा भोळी होते आणि श्रद्धेवाचून प्रज्ञा कपटाकडे झुकते. समाधीवाचून वीर्य चंचल होते, तर वीर्यावाचून समाधी आळसाकडे जाते. स्मृती मात्र सर्वत्र हवी, जसे प्रत्येक कालवणात मीठ. बलवान इंद्रियाने दुसऱ्याला दडपू नये, ही तेथील दृष्टी आहे. संघ बांधणाऱ्यालाही हीच दृष्टी लागते. त्याला प्रत्येकाचे बळ मोजावे लागते आणि ते बळ कोणाच्या सोबतीने सावरते हेही पाहावे लागते.

७. संघ बांधण्याची रीत

प्रथम ज्याच्याभोवती डाव उभा करायचा असा एक पोकेमॉन निवडावा आणि त्याची मर्मस्थाने लिहून काढावीत. दुसरा असा घ्यावा की जो ती मर्मस्थाने झाकेल. मग या दोघांवर मिळून कोण भारी पडतो ते पाहून तिसरा निवडावा. चौथ्याने वेगाचा प्रश्न सोडवावा. पाचव्या आणि सहाव्या जागी, पहिल्या चौघांचे जेथे काहीच चालत नाही तेथे उपयोगी पडणारे घ्यावेत. त्यानंतर निदान दहा सामने खेळून प्रत्येक पराभवाचे कारण वहीत नोंदवावे. एका पराभवावरून संघ मोडू नये. एकच कारण पुन्हा पुन्हा दिसले तर मात्र बदल करावा.

नशिबाचा भागही हिशोबात धरावा. एखादी चाल ९० टक्के अचूक असली, तर ती सलग दोनदा लागण्याची शक्यता ८१ टक्के आणि सलग तीनदा लागण्याची सुमारे ७३ टक्के राहते. म्हणून तिन्ही वेळा ती लागलीच पाहिजे अशा भरवशावर डाव रचू नये. निर्णय योग्य असूनही पराभव होऊ शकतो आणि चुकीच्या निर्णयानंतरही विजय मिळू शकतो. निर्णय आणि निकाल वेगळे करून पाहण्याची ही सवय परीक्षेनंतरही आणि पुढे नोकरी-व्यवसायातही उपयोगी पडते.

८. पालकांसाठी

सरावासाठी महागडे यंत्र घ्यावेच लागते असे नाही. ‘पोकेमॉन शोडाउन’ हे सरावाचे संकेतस्थळ संगणकावर विनामूल्य चालते. वेळेची मर्यादा मात्र आधीच ठरवावी आणि पैज लावून खेळू देऊ नये. मुलाला ‘जिंकलास का?’ असे विचारण्यापेक्षा ‘संघात हा कशासाठी घेतलास?’ असे विचारावे. त्याला कारण सांगता आले, तर तो विचार करत आहे. सांगता आले नाही, तर त्या दिवशीचा खेळ नुसता वेळ घालवणे होता.

निवासी शाळेत वेगवेगळ्या गावांची, वेगवेगळ्या गतीने शिकणारी मुले एका छताखाली वाढतात. गुणपत्रिकेतील बेरीज त्यांच्याविषयी काही सांगते, सर्व काही सांगत नाही. कोणी गणितात मागे असून आजारी सोबत्याची शुश्रूषा मन लावून करतो. कोणी अबोल असून भांडण मिटवतो. अशा मुलाला योग्य काम आणि योग्य सोबत देणे हे शिक्षकांचे आणि पालकांचे कौशल्य आहे. एक भेद मात्र विसरू नये. खेळात सहांपैकी दोघांना बाहेर बसवावे लागते. शाळेत आणि समाजात कोणालाही बाहेर बसवण्याचा अधिकार आपल्याला नाही.

स्वाध्याय

१. विजेच्या चालीने चौपट हानी होईल अशा आणखी दोन पोकेमॉनांची नावे शोधा आणि प्रत्येकासाठी एक साथीदार सुचवा.
२. ८० टक्के अचूक असलेली चाल सलग तीनदा लागण्याची शक्यता काढा.
३. आपल्या वर्गातील सहा मुलांचा विज्ञान प्रदर्शनासाठी गट करा. प्रत्येकाला दिलेले काम आणि ते त्यालाच देण्याचे कारण एका वाक्यात लिहा.