रोड बाइक घेताना क्रँकसेटची पारख

कापड बाजारात नवखा खरीदार लेबल बघतो. जाणता माणूस ताका उलगडून काठ आणि वीण बघतो. सायकलच्या बाजारातही हाच फरक आहे. २०१५ साली नाशिकच्या डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत दोघांच्या संघाने पूर्ण केली. अशा कामगिरीमुळे रोड बाइक ही चीज आपल्या शहरात अनोळखी राहिलेली नाही. आपल्यातील काही बांधव सायकल विकतात, काही दुरुस्त करतात, तर काही पालक मुलाच्या हट्टापायी अशी गाडी घेऊ पाहतात. आमचा धंदा कापडाचा असला तरी या मालाची परख आम्ही हाताने शिकलो आहोत, म्हणून हे चार शब्द.

दुकानात गेल्यावर मागच्या गियरचे नाव आधी सांगितले जाते: क्लॅरिस, सोरा, टियाग्रा, १०५. मात्र गाडीची किंमत खाली आणायची असेल तर बनवणारे अनेकदा त्याच मालिकेचा क्रँकसेट लावत नाहीत, त्याहून स्वस्त लावतात. यात फसवणूक नाही. माहितीपत्रकात ते लिहिलेलेही असते, पण वाचतो कोण? म्हणून आमचा सल्ला असा की गियर मागून बघा, आधी क्रँकसेट बघा.

मालेगावच्या बांधवांना क्रँक समजावून सांगायची गरज नाही. पॉवरलूमची फणी पुढे-मागे हलवणारा वाकडा शाफ्ट तोच. तेथे गोल फिरण्यातून पुढे-मागे हालचाल निघते, सायकलीत पायांच्या जोरातून गोल फिरणे निघते. दोन दांड्या, पुढच्या दातेरी चकत्या आणि दांड्यांना जोडणारा एक्सल मिळून क्रँकसेट होतो. चालवणाऱ्याचा सगळा जोर याच वाटेने चाकापर्यंत जातो. टायर वा सीट हलकी निघाली तर पुढे बदलता येते, पण क्रँकसेट बदलायचा म्हटला की पुष्कळदा एक्सल आणि बेअरिंगही बदलावे लागते.

पहिली पारख जोडाची. आपल्या जुन्या काळ्या सायकलीत दांडी एक्सलवर कॉटर ठोकून बसवत. रोड बाइकमध्ये आता मुख्यत्वे दोन पद्धती आढळतात. एकात एक्सलचे टोक चौकोनी व निमुळते असते आणि दांडी त्यावर बोल्टने दाबून बसवतात. दुसऱ्यात २४ मिलिमीटर जाडीचा पोकळ एक्सल उजव्या दांडीलाच पक्का असतो आणि डावी दांडी दोन बोल्टनी आवळली जाते. पोकळ एक्सलचा जोड अधिक ताठ असतो, काढायला-बसवायला सोपा असतो. चौकोनी जोड वाईट नाही. नीट आवळलेला असेल तर वर्षानुवर्षे चालतो आणि कोणताही कारीगर तो ओळखतो. त्याचा ऐब एकच: बोल्ट सैल असताना गाडी चालवली तर अॅल्युमिनियमचे चौकोनी भोक गोलसर होते आणि मग ती दांडी कितीही आवळली तरी धरत नाही.

दुसरी पारख चकत्यांची, आणि आमच्या मते खर्चाचा खरा हिशेब येथे आहे. चकत्या बोल्टने बसवल्या आहेत की रिबिट मारून, हे वाकून बघावे. रिबिट असतील तर दात झिजल्यावर सगळा क्रँकसेट फेकावा लागतो. बोल्ट असतील तर एकटी चकती बदलता येते. खिशात एक छोटे लोहचुंबक ठेवावे. काळ्या रंगाखाली लोखंड आहे की अॅल्युमिनियम, ते चुंबक लगेच सांगते. लोखंडी चकती टिकाऊ असते, पण वजन वाढवते. मग पेडल उलटे फिरवून चकती आणि पुढच्या गियरची पट्टी यांमधील अंतर बघावे. ते कमी-जास्त होताना उघड दिसले तर चकती वाकडी आहे.

दातांची संख्याही विचारावी. पुढे ५३ व ३९ दातांच्या चकत्या शर्यतवाल्यांच्या. आपल्याकडे कसारा घाट किंवा नांदुरीहून सप्तशृंगगडाचा चढ चढायचा असेल तर ५० व ३४ बरे. मागे २८ दात धरले तर ३४ च्या चकतीवर पेडलच्या एका फेरीत गाडी सुमारे अडीच मीटर पुढे जाते, ३९ वर सुमारे २.९ मीटर. फरक लहान वाटतो, पण चढावर गुडघे त्याची किंमत मोजतात. दांडीची लांबी आतल्या बाजूस कोरलेली असते. १७० मिलिमीटर हे सर्रास माप आहे. बुटक्या माणसाने १६५ मागावे.

आता वापरलेल्या गाडीबद्दल, कारण येथे पैशाबरोबर हाडांचाही प्रश्न आहे. जुन्या बाजारात महागडी ११ गियरची गाडी निम्म्या किमतीत मिळते आणि माणूस हुरळून जातो. सप्टेंबर २०२३ मध्ये शिमानोने जून २०१२ ते जून २०१९ या काळात बनलेले अल्टेग्रा व ड्युरा-एस मालिकांचे काही क्रँकसेट तपासणीसाठी बोलावले. या दांड्या आतून पोकळ असून दोन भाग चिकटवून बनवलेल्या आहेत. तो चिकटवलेला जोड उकलून दांडी तुटू शकते. एकट्या अमेरिका व कॅनडात सुमारे ७ लाख ६० हजार नग या यादीत होते आणि भाग सुटल्याच्या साडेचार हजारांवर तक्रारी होत्या. दांडीच्या आतल्या बाजूस एफसी-६८००, एफसी-आर८०००, एफसी-९०००, एफसी-आर९१०० किंवा एफसी-आर९१००-पी असे लिहिलेले असेल, तर शेजारची दोन अक्षरे बघावीत. केएफ पासून आरएफ पर्यंतची अक्षरे या काळातील आहेत. असा क्रँक कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडून तपासून झाल्याशिवाय गाडी घेऊ नये. विकणाऱ्याला माहिती असेल तर त्याने ती आधीच सांगावी. मालाचा ऐब झाकून विकणे ही तिजारत नव्हे.

इतर जुन्या क्रँकलाही फडक्याने पुसून, दांडीच्या मुळाशी आणि पेडलच्या भोकाभोवती नख फिरवून तडा बघावा. पेडल काढायला लावून आटे तपासावेत. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. कुणी जबरदस्तीने सरळ आवळले असेल तर ते खाल्लेले दिसतात. दोन्ही दांड्या धरून गाडीच्या सांगाड्याकडे आत-बाहेर हलवाव्यात. दोन्ही एकत्र हलल्या तर बेअरिंग गेले. एकच हलली तर तिचा जोड सैल आहे किंवा भोक खराब झाले आहे. बेअरिंग परवडते, भोक परवडत नाही. दात शार्कच्या परासारखे एकीकडे झुकून टोकदार झाले असतील तर चकती आणि चेन दोन्हींचा खर्च किमतीतून वजा करावा.

नवी गाडी घरी आणली तरी शंभर-दीडशे किलोमीटरनंतर दुकानात नेऊन क्रँकचे बोल्ट टॉर्क पान्याने तपासून घ्यावेत. पोकळ एक्सलच्या डाव्या दांडीचे दोन बोल्ट १२ ते १४ न्यूटन मीटरवर, आळीपाळीने थोडे थोडे आवळायचे असतात. एक पूर्ण आवळून मग दुसरा नव्हे. चौकोनी जोडाला याच्या सुमारे तिप्पट जोर लागतो.