सेटअप मांडण्याआधी वायरमनला बोलवा

मुंबईतला लॅमिंग्टन रोडचा कॉम्प्युटर बाजार आमच्या गिरगावातून पायी अंतरावर. त्यामुळे गेमिंग कॉम्प्युटरचा एकेक भाग दुकानं पालथी घालून, भाव करून आणला होता. काचेचं कॅबिनेट, वक्र मॉनिटर, मेकॅनिकल कीबोर्ड, रंग बदलणारे पंखे. वायरी इतक्या सफाईने दडवल्या होत्या की बघायला आलेले मित्र टेबलाखाली वाकून बघायचे. भिंतीतल्या सॉकेटकडे मात्र कुणाचं लक्ष जात नसे.

भर पावसाळ्यात एका संध्याकाळी घरातले दिवे एकाएकी लख्ख झाले, पंखा सुसाट सुटला आणि कॅबिनेटमधून ‘फट्’ असा आवाज आला. इमारतीच्या मीटररूममध्ये न्यूट्रलचा जोड जळाला होता.

घरात येणारे २३० व्होल्ट हे फेज आणि न्यूट्रल यांच्यामधले असतात. दोन फेजांमधला दाब ४०० व्होल्टच्या घरात जातो. न्यूट्रल सुटला की तो दाब घराघरांत असमान वाटला जातो, आणि ज्या फेजवर भार कमी तिथे व्होल्टेज चढतं. एमसीबी पडला नाही, कारण तो जादा करंट ओळखतो, जादा व्होल्टेज नाही. स्पाइक गार्ड क्षणभराचा झटका झेलतो. टिकून राहिलेल्या दाबापुढे त्याचं काही चालत नाही. पॉवर सप्लाय आणि मॉनिटर दोन्ही गेले. ‘व्होल्टेजमुळे झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही,’ असं सर्व्हिस सेंटरने सांगितलं, आणि वॉरंटीच्या कागदावर तशी अट होतीच.

नव्या सेटअपच्या तयारीत असलेल्यांनी एवढं करावं :

अर्थिंग तपासून घ्या. सॉकेटला तिसरं भोक आहे म्हणजे आत अर्थिंगची तार आहेच असं नाही. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागल्यावर मुंग्या आल्या, तर बहुधा ती नसते. मीटर लावून वायरमन लगेच सांगेल. तीन पिनांचं दोन पिनांत रूपांतर करणारा अडॅप्टर अजिबात वापरू नका.

मेन बोर्डात ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर बसवा. दाब मर्यादेबाहेर गेला की तो पुरवठाच तोडतो. सोबत ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी असू द्या. तो यंत्रासाठी नसून माणसाच्या जिवासाठी असतो.

यूपीएस घेताना व्हीए नव्हे, वॉट बघा. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटच पेलतो. मोठं ग्राफिक्स कार्ड असलेलं मशीन खेळ रंगात आल्यावर त्याहून जास्त मागतं, आणि नेमकी तेव्हाच वीज गेली तर यूपीएसही मान टाकतो.

पावसाळ्यापूर्वी मीटररूममधले जोड तपासून घट्ट करण्याचा विषय सोसायटीच्या बैठकीत काढा. हे काम एकट्याच्या खर्चाने होत नाही, आणि न्यूट्रल सुटला तर फटका अनेक घरांना बसतो.

खर्चाची यादी करताना पहिल्या ओळीत वायरमन लिहा. ग्राफिक्स कार्ड त्याच्या खाली.