डेंटल असिस्टंट व्हायचंय? फी भरण्याआधी हे वाचा

पेण-रोह्याच्या आपल्या वस्त्यांतून दहावी-बारावी झालेल्या मुली दाताच्या दवाखान्यात कामाला जातात. काम सन्मानाचं आहे. पण ‘सहा महिन्यांत सरकारी परवाना’ असं सांगून कुणी हजारो रुपये मागत असेल, तर आईबापांनी आधी थोडं थांबावं.

परवाना कुणाला लागतो?

आपल्या देशात दंतवैद्यक कायदा १९४८ साली झाला. त्यात तिघांची नोंदणी सांगितली आहे. पहिला दाताचा डॉक्टर. दुसरा डेंटल हायजिनिस्ट, म्हणजे दातांवरचं किटण काढून दात साफ करणारा. तिसरा डेंटल मेकॅनिक, म्हणजे कवळी बनवणारा व दुरुस्त करणारा. ही नोंदणी महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडे होते. हायजिनिस्ट आणि मेकॅनिकचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा असतो. बारावी विज्ञान झालेल्या मुलामुलींनी या वाटेची जरूर चौकशी करावी.

खुर्चीशेजारी उभं राहून डॉक्टरांच्या हाताशी सामान देणारी, हत्यारं उकळून-वाफवून ठेवणारी, पेशंटची नावं लिहिणारी ती असिस्टंट. तिच्यासाठी १९४८च्या कायद्यात वेगळी नोंदणी नाही. खाजगी क्लासचं प्रमाणपत्र म्हणजे शिकल्याचा दाखला. तो परवाना नव्हे. २०२३ साली संसदेने राष्ट्रीय दंत आयोगाचा नवा कायदा मंजूर केला आहे. म्हणून प्रवेश घेताना त्या वेळचा नियम परिषदेकडेच विचारावा, क्लासवाल्याकडे नव्हे.

फी भरण्याआधी तीन प्रश्न

१. प्रमाणपत्रावर सही-शिक्का कुणाचा? मान्यतेचं पत्र दाखवा म्हणावं.
२. या कोर्सला महाडीबीटीवर मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज करता येतो का? ही शिष्यवृत्ती मान्यताप्राप्त कोर्सलाच मिळते. बौद्ध मुलांना १९९०च्या दुरुस्तीपासून अनुसूचित जातीच्या सवलती आहेत. जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला तयार ठेवा.
३. प्रत्यक्ष काम कुठल्या दवाखान्यात शिकवणार?
उत्तर तोंडी मिळालं तर पैसेही तोंडीच द्यावेत!

काय करू नये?

डॉक्टर बाहेर गेले म्हणून असिस्टंटने दात साफ करू नयेत, दात काढू नये, भुलीचं इंजेक्शन देऊ नये. नोंदणी नसताना दात साफ करण्याचं काम करणं कायद्याला धरून नाही. मालकाने सांगितलं तरी ‘हे माझं काम नाही, सर’ असं म्हणायला मुलींना आपण घरातूनच शिकवलं पाहिजे. पेशंटला इजा झाली, तर बोट आधी तिच्याकडेच दाखवलं जातं.

काय मागून घ्यावं?

तोंडातलं रक्त आणि थुंकी यांच्याशी रोजचा संबंध. म्हणून हिपॅटायटिस बी ची लस घ्यावीच : पहिला डोस, महिन्याने दुसरा, सहाव्या महिन्यात तिसरा. २०१६च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार कचरा हाताळणाऱ्या कामगारांना ही लस आणि धनुर्वाताची लस देणं ही दवाखान्याची जबाबदारी आहे. हातमोजे, मास्क, चष्मा हेही दवाखान्यानेच द्यायचे. वापरलेल्या सुईला टोपण परत लावायला जाऊ नये. ती सुया टाकायच्या पांढऱ्या, न भोसकणाऱ्या डब्यात टाकावी.

सुई टोचलीच तर बोट तोंडात घालू नये, जखम पिळू नये. साबण आणि वाहत्या पाण्याने धुवावी, डॉक्टरांना सांगावं आणि लगेच पेण किंवा रोह्याचं उपजिल्हा रुग्णालय गाठावं. एचआयव्ही टाळण्याचं औषध दोन तासांत सुरू झालं तर उत्तम. ७२ तास उलटल्यावर ते सुरू करून उपयोग नसतो. नोकरी जाईल या भीतीने ही गोष्ट लपवू नये.

येत्या रविवारी विहारात वंदना झाल्यावर हा लेख मोठ्याने वाचावा. ज्या घरात अशी फी भरायची चालली आहे, त्या घरी तो आधी पोचवावा.